जुन्या वाड्याचे वायरिंग नव्या मानकांनुसार: दांडिया बाजारातील एका कामाचे परीक्षण

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतील लाकडी वाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांना वायरिंगचा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागतो, आणि त्यासाठी माणूस कसा पारखावा याविषयी नेमकी माहिती सहसा मिळत नाही. म्हणून आमच्या घरी झालेल्या कामाबद्दल येथे सविस्तर लिहीत आहे. काम ज्यांच्याकडे दिले ते राज्य शासनाचा परवाना असलेले विद्युत कंत्राटदार आहेत. त्यांचे नाव मी देत नाही. त्यांच्या कामाची पद्धत मात्र पूर्ण सांगते, कारण तीच पद्धत इतर कोणाकडेही मागता येईल.

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची आणि मीटरपासून पुढची घरमालकाची, ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. जुने गुजरात वीज बोर्ड (जीईबी) २००५ साली विभागले जाऊन आपल्या भागासाठी मध्य गुजरात वीज कंपनी आली, तरी आमच्या गल्लीत आजही सगळे ‘जीईबीला कळवा’ असेच म्हणतात. आणि घरातल्या भिंतींमधील तारांची तपासणीही जीईबीच करत असेल, असे गृहीत धरतात. आमच्या घरात लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या रबरी आवरणाच्या तारा होत्या, त्यांना मध्येच जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा होत्या, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते आणि त्या सगळ्यावर तीन वातानुकूलन यंत्रे, गीझर व इंडक्शन शेगडी यांचा भार होता.

यापूर्वी ज्यांनी घर पाहून अंदाजपत्रके दिली त्यांनी खोल्या मोजल्या, पॉइंट मोजले आणि दर सांगितला. या कंत्राटदारांनी पहिल्या भेटीत दरच सांगितला नाही. त्यांनी मेगर (तारेच्या आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणारे उपकरण) आणि अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर आणले, सगळी उपकरणे सोडवून ठेवली, मेन बंद केले आणि प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन ५०० व्होल्टवर मोजले. आयएस ७३२ या वायरिंगविषयक मानकाची सध्याची आवृत्ती २०१९ ची आहे, आणि घरगुती वायरिंगसाठी किमान एक मेगओहम इतके वाचन अपेक्षित असते. आमच्या माडीवरील एका सर्किटचे वाचन ०.२ निघाले. तो आकडा त्यांनी कागदावर लिहिला, तारीख घातली आणि आम्हाला दिला. कामाच्या शेवटी त्याच सर्किटांची नवी वाचने त्याच कागदावर शेजारच्या रकान्यात आली. माझ्या मते या सेवेचे खरे मूल्य त्या दोन रकान्यांत आहे. नवे चकचकीत स्विच कोणीही बसवून देतो. आधी काय होते आणि आता काय आहे हे मोजून दाखवणारा क्वचित भेटतो.

याच तपासणीत एक गोष्ट त्यांनी आमच्या सासूबाईंना बोलावून प्रत्यक्ष दाखवली. जुन्या पद्धतीप्रमाणे आमच्या बोर्डावर फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) एक आणि न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) एक असे दोन फ्यूज होते. त्यांनी न्यूट्रलचा किटकॅट काढला. पंखा थांबला, दिवा विझला, सगळे बंद झाल्यासारखे दिसले. मग त्यांनी दिव्याच्या होल्डरला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. ‘काकू, पंखा बंद आहे म्हणजे तारेत वीज नाही असे समजू नका. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर मेलेले दिसते, पण तार जिवंतच असते,’ असे त्यांनी सांगितले. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज असू नये हा नियम आम्ही ऐकून होतो, पण त्यामागचे कारण त्या क्षणी सर्वांना समजले. नव्या डीबीत (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत) फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी तोडणारे दोन ध्रुवांचे मेनस्विच बसवले आहे.

अर्थिंगचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या घराची अर्थिंगची तार चौकातील नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती, आणि घरातील सर्वांना ‘अर्थिंग आहे’ असे वाटत होते. काही वर्षांपूर्वी नळाची जोडणी प्लॅस्टिकच्या पाइपने बदलली गेली, तेव्हा जमिनीशी असलेला तो संबंध कोणाच्याही नकळत तुटला. तार मात्र जागेवरच दिसत राहिली. जुन्या शहरातील किती घरांत हीच स्थिती असेल याचा विचार मनातून जात नाही. कंत्राटदारांनी चौकात नवा खड्डा घेतला. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या मानकानुसार जमिनीत पुरायचा पाइप इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांबीचा आणि इमारतीपासून किमान दीड मीटर अंतरावर असावा लागतो. आमचा चौक अरुंद असल्याने त्यांनी फीत लावून चारही भिंतींपासूनचे अंतर मोजले आणि तुळशीवृंदावन थोडे सरकवण्याची परवानगी मागितली. मीठ-कोळशाऐवजी त्यांनी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) वापरले, कारण मिठाने लोखंडी पाइप लवकर गंजतो. वर झाकण असलेली विटांची चौकट बांधली, जेणेकरून पुढे केव्हाही तिथे अर्थ टेस्टर लावता येईल.

चांगले अर्थिंग झाले म्हणजे सुरक्षितता पूर्ण झाली असे मानणाऱ्यांसाठी त्यांनी केलेला हिशेब येथे देते. समजा अर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि गीझरच्या धातूच्या टाकीला फेज लागला. २३० व्होल्टला १० ने भागले तर सुमारे २३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. गीझरची एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप तुटणारा स्विच) १६ अँपिअरची असेल, तर २३ अँपिअर हा तिच्या क्षमतेच्या जवळपास १.४५ पट होतो, आणि तेवढ्या प्रवाहावर एमसीबीने एका तासाच्या आत तुटावे एवढीच मानकाची अट आहे. म्हणजे तासभर ती टाकी आणि तिला जोडलेला नळ जिवंत राहू शकतो. एमसीबीचे काम तारेला अतिभारापासून आणि शॉर्ट सर्किटपासून वाचवणे हे आहे. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच तुटणारा स्विच) लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला की ती तुटते. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तिने ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि त्याच्या पाचपट गळतीवर ४० मिलिसेकंदांच्या आत तुटावे असे मानक सांगते. शिवाय ५० व्होल्टची सुरक्षित मर्यादा धरली, तर अर्थिंगचा रोध दीड हजार ओहमपर्यंत वाढला तरीही ती आपले काम करते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते तेव्हा याचा मोठा आधार आहे. उलट बाजूही त्यांनी स्पष्ट केली: आरसीसीबी अतिभार ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी वगळता येत नाही. आमच्याकडे प्रत्येक मजल्याला स्वतंत्र आरसीसीबी आणि तिच्यामागे सर्किटनिहाय एमसीबी अशी रचना आहे. प्रत्येक आरसीसीबीचा तुटण्याचा वेळ उपकरणाने मोजून त्याच कागदावर नोंदवला आहे.

मालाबाबत तक्रारीला जागा नाही. दिव्यांसाठी दीड, पॉवर पॉइंटसाठी अडीच आणि वातानुकूलन व गीझरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली. नव्वद मीटरचे प्रत्येक बंडल उघडण्यापूर्वी त्यावरील आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक आम्हाला दाखवला. माडीवर तक्तपोशीच्या वरून जाणाऱ्या तारा उघड्या लाकडाशेजारून नेण्यास त्यांनी ठाम नकार दिला आणि तिथे लोखंडी कंड्यूट (तारा नेण्याची नळी) घातले. खर्च वाढला, पण वाळलेल्या सागवानाला लागून एक सैल जोड तापत राहिला तर काय होईल, हे वाड्यात राहणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. जुन्या ॲल्युमिनियम-तांब्याच्या पिळलेल्या जोडांवर गुंडाळलेली काळी कापडी टेप काढली तेव्हा खालचे आवरण कोळशासारखे काळे पडलेले होते. माजघरातील तो बोर्ड आम्ही रोज वापरत होतो.

तळमजल्यासाठी केलेली सोय बडोदेकरांना विशेष उपयोगी वाटेल. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीच्या पुराचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले, आणि ज्यांचे प्लग जोत्यालगत होते त्यांच्या बोर्डांत पाणी व गाळ गेला. आमच्या तळमजल्यावरील सर्व सॉकेट आता वर घेतले आहेत, डीबी माडीच्या जिन्यावर नेला आहे, आणि संपूर्ण तळमजला एकाच स्विचने बंद करता येतो, म्हणजे खाली पाणी आले तरी वर दिवे राहतील. पाणी ओसरल्यावर तळमजल्याची सर्किटे मेगरने मोजल्याशिवाय सुरू करायची नाहीत, ही सूचना त्यांनी डीबीच्या झाकणाच्या आत मराठीत आणि गुजरातीत लिहून चिकटवली आहे.

आता उणिवा. काम सोपवून गेल्यानंतर इन्व्हर्टरवरील काही दिवे लावले की वरच्या मजल्याची आरसीसीबी तुटू लागली. कारण इन्व्हर्टरचे होते. त्याला फेज वरच्या आरसीसीबीतून मिळत होता, पण त्यावरील काही दिव्यांचे न्यूट्रल खालच्या आरसीसीबीच्या पट्टीला परत जात होते. त्यामुळे जाणारा आणि येणारा प्रवाह कधीच जुळत नव्हता. फोन केल्यावर ते दुसऱ्याच दिवशी आले, कारण शोधले आणि इन्व्हर्टरच्या सर्किटांना स्वतंत्र न्यूट्रल ओढून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. तरीही पहिल्या पाहणीत इन्व्हर्टर त्यांच्यासमोरच होता आणि हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते. आरसीसीबी ‘उगाच तुटते’ म्हणून ती वगळून थेट जोडणी करून देणारे वायरमन गावात आहेत. ज्या घरात कोणी जाणकार नाही, तिथे अशा एका त्रुटीमुळे सगळे संरक्षण निघून जाऊ शकते. म्हणून हा दोष मी किरकोळ मानत नाही.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या विटांच्या भिंतींत त्यांनी झिऱ्या (तारांसाठी खाचा) घेतल्या आणि त्या सिमेंटने बुजवल्या. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा पट्टा धरत नाही. काही ठिकाणी तो आताच सुटू लागला आहे. गिलावा त्यांच्या कामात धरलेला नव्हता हे खरे, पण वाड्यात काम करणाऱ्याने चुन्याचा गवंडी सुचवायला हवा होता. काम ठरल्यापेक्षा लांबले, आणि सणाच्या तोंडावर अर्धे घर एक्स्टेन्शनवर चालवावे लागले.

एकूण खर्च सव्वा लाखाच्या आसपास आला. माल आणि मजुरी यांची बिले वेगळी दिली आणि प्रत्येक वस्तूचे मूळ बिल जोडले. मंजूर भार वाढवण्यासाठी वीज कंपनीला लागणारा चाचणी अहवाल त्यांच्या परवान्यावर त्यांनीच तयार केला. वीजजोडणीचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आहे. २०१० च्या विनियमांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. परवान्याची प्रत त्यांनी न मागता दाखवली.

एखादा दिवा वाढवायचा असेल किंवा एकच बोर्ड बदलायचा असेल, तर हे कंत्राटदार महाग पडतील आणि वेळही देणार नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचे वायरिंग असलेल्या घराचे संपूर्ण काम असेल, तर मी त्यांनाच बोलावीन; मात्र काम ठरवतानाच इन्व्हर्टरची जोडणी आणि झिऱ्यांचा गिलावा हे दोन मुद्दे करारात लिहून घेईन, आणि वीज घालवून इन्व्हर्टरवर घर चालवून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही.