एचटीएमएक्स: विदा सर्व्हरवरच ठेवू देणारी लायब्ररी

कार्सन ग्रॉस यांच्या एचटीएमएक्स या मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररीची १.० आवृत्ती २०२० मध्ये आणि २.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. वेब पान ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात तिच्या टॅगवर ‘एचएक्स-’ने सुरू होणारे गुणधर्म लिहिले, की ही लायब्ररी सर्व्हरकडून एचटीएमएलचा तुकडा मागवून पानाच्या हव्या त्या भागात बसवते. फॉर्म, तक्ते आणि याद्या यांवर चालणाऱ्या कामासाठी मी ती निःशंकपणे सुचवेन. संकुचित केल्यावर ही फाइल जेमतेम १५ किलोबाइटच्या आसपास भरते, तिला दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीचा आधार लागत नाही आणि बिल्डची, म्हणजे कोड आधी रूपांतरित करून घेण्याची, पायरीही लागत नाही. पानात एक स्क्रिप्ट टॅग टाकला की काम सुरू होते.

गृहनिर्माण संस्थेच्या थकबाकीच्या तक्त्यातील एक ओळ घ्या. ‘बदला’ या बटणाला एचएक्स-गेटमध्ये सर्व्हरवरचा पत्ता दिला, एचएक्स-टार्गेटमध्ये ‘क्लोजेस्ट टीआर’ (सर्वांत जवळची ओळ) लिहिले आणि एचएक्स-स्वॅपला ‘आउटरएचटीएमएल’ (ती पूर्ण ओळच बदला) हे मूल्य दिले, की तीच ओळ जागच्या जागी संपादनासाठी खुली होते. रक्कम दुरुस्त करून ‘जतन करा’ दाबल्यावर एचएक्स-पुटची (बदल जतन करण्याची) विनंती जाते, सर्व्हर डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि नवी ओळ तयार एचटीएमएलच्या रूपात परत पाठवतो. तक्त्याखालची एकूण बाकीही बदलायला हवी असेल, तर सर्व्हरने त्याच प्रतिसादाच्या हेडरमध्ये (सोबतच्या माहितीत) एचएक्स-ट्रिगर, म्हणजे एका घटनेचे नाव, पाठवावा. त्या घटनेकडे कान लावून बसलेला बेरजेचा घटक स्वतःची नवी विनंती पाठवतो. जेसन (मांडणीविना नुसती माहिती) मागवून त्याची ब्राउझरमध्ये वेगळी प्रत ठेवायची, ती सर्व्हरशी जुळवत राहायचे आणि तिच्यावरून पुन्हा एचटीएमएल रचायचे, हा सगळा खटाटोप येथे उरत नाही. माझ्या मते या लायब्ररीचे खरे मोल यातच आहे, कारण पडद्यावर एक रक्कम आणि डेटाबेसमध्ये दुसरी, ही चूक बहुतेक वेळा त्या वेगळ्या प्रतीमुळेच होते.

शोधाची चौकट करतानाही तेवढेच थोडे लिहावे लागते. मात्र अनेक उदाहरणांत दिसणारी ‘कीअप’ (कळ सोडल्याची) ही घटना मराठी टंकलेखनासाठी वापरू नये, कारण मोबाइलच्या कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की ती खात्रीने घडतेच असे नाही. त्याऐवजी ‘इनपुट चेंज्ड डिले:५००एमएस’ (मजकूर बदलून अर्धा सेकंद थांबल्यावर) असा ट्रिगर द्यावा आणि एचएक्स-सिंकमध्ये ‘धिस:रिप्लेस’ लिहावे, म्हणजे नवी अक्षरे आल्यावर आधीची अपुरी विनंती रद्द होते आणि उशिरा आलेले जुने उत्तर ताज्या उत्तरावर बसत नाही.

माझी गंभीर तक्रार चुकांच्या हाताळणीबद्दल आहे. सर्व्हरने ४०० किंवा ५०० च्या मालिकेतील (चूक कळवणारा) प्रतिसाद पाठवला, तर एचटीएमएक्स मूळ मांडणीत तो पानावर लावतच नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (विकासकांसाठीच्या नोंदपटलात) नोंद होते, ‘रिस्पॉन्सएरर’ ही घटनाही घडते, पण वापरणाऱ्याला पडद्यावर काहीच दिसत नाही. ‘रक्कम ऋण असू शकत नाही’ असा संदेश सर्व्हरने ४२२ (भरलेली माहिती अमान्य) या क्रमांकासह नीट पाठवूनही तो लिपिकापर्यंत पोहोचत नसेल, तर नोंद झाली असे समजून तो पुढच्या ओळीकडे वळणार. २.० मध्ये ‘रिस्पॉन्सहँडलिंग’ या मांडणीत ४२२ साठी एक ओळ लिहून हे दुरुस्त करता येते; पण इतकी महत्त्वाची गोष्ट मुळातच तशी असायला हवी होती.

प्रत्येक कृतीसाठी सर्व्हर गाठावा लागत असल्याने नेटवर्क अशक्त असेल तेथे विलंब जाणवतो. विनंती चालू असल्याचे दाखवणारा एचएक्स-इंडिकेटर आणि ती चालू असताना बटण बंद ठेवणारा एचएक्स-डिसेबल्ड-एल्ट हे दोन्ही लावल्याशिवाय जतन करण्याचा फॉर्म लोकांच्या हाती देऊ नये, नाहीतर बटण दोनदा दाबले जाऊन नोंद दोनदा होण्याचा धोका राहतो. नेटवर्क नसताना चालणाऱ्या किंवा नकाशा, रेखाटन अशा सतत हलत्या कामांसाठी ही लायब्ररी योग्य नाही. शिवाय सर्व्हरकडून आलेले एचटीएमएल थेट पानात बसत असल्यामुळे वापरणाऱ्यांनी भरलेला मजकूर टेम्प्लेटमध्ये (एचटीएमएलच्या साच्यात) एस्केप करणे, म्हणजे तो कोड म्हणून चालणार नाही असा करणे, अनिवार्य आहे.

१.० वरून २.० वर जाणाऱ्यांनी एचएक्स-डिलीट (नोंद काढण्याची विनंती) वापरलेल्या जागा आधी तपासाव्यात, कारण नव्या आवृत्तीत त्या विनंतीची मूल्ये बॉडीऐवजी (मुख्य मजकुराऐवजी) यूआरएलमधून (पत्त्यातून) जातात. इंटरनेट एक्स्प्लोररवर अजून अवलंबून असलेल्या कार्यालयांनी मात्र १.० ची मालिकाच ठेवावी.