पेटीवाल्याने डिजिटल पियानो घेताना: ऑटो अकंपनीमेंट हवं का, आणि कॉर्ड कुठल्या मोडवर धरायच्या

मावसभाऊ भजनी मंडळात पेटी वाजवतो, वीसेक वर्षं झाली असतील, आणि आता त्याला डिजिटल पियानो घ्यायचाय, तोही "डाव्या हाताने एक बोट ठेवलं की मागे सगळा ऑर्केस्ट्रा सुरू होतो ना, तसला", म्हणजे ऑटो अकंपनीमेंटवाला. फोनवर तासभर जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण पेटीवरून येणाऱ्या बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो.

पेटीवाल्याचा उजवा हात एकदम तयार असतो पण डावा जन्मभर भाता मारत आलेला असतो, त्याला सुरांची ओळखच नाही. पियानोसमोर बसलं की तो हात बेकार होतो. त्यामुळे मॉडेल बघायच्या आधी ठरवा की या हाताला पियानो शिकवायचाय, कॉर्ड (एकदम धरलेले तीन-चार सूर) शिकवायच्यात, की नुसतं स्विच दाबायला बसवायचंय. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

पियानोच शिकायचा असेल, क्लास लावून, परीक्षा देऊन, तर साधा ८८ कीजचा वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड कीजचा) पियानो घ्या, यामाहा पी-४५ किंवा रोलंड एफपी-३०एक्स यासारखा. यात ऑटो अकंपनीमेंट नाहीच आणि तेच बरंय, दोन्ही हात स्वतःच कामाला लागतात. पी-१२५ मध्ये २० रिदम आहेत, ड्रम आणि बेस वाजतो, बेस तुमच्या कॉर्डच्या मागे जातो, पण गिटार-स्ट्रिंग्जचा ताफा नाही. सरावाला मेट्रोनोमपेक्षा मजा येते एवढंच.

दुसरा प्रकार म्हणजे वेटेड ८८ कीज अधिक अकंपनीमेंट. यामाहा डीजीएक्स-६७० मध्ये २६३ स्टाइल्स (मागे वाजणारे तयार ठेके आणि साथ) आहेत, माइक लावायची सोय आहे, पेनड्राइव्हवरून बाहेरच्या स्टाइल घालता येतात, पण वजन २१ किलोच्या वर, म्हणजे एकदा घरात ठेवला की ठेवला. कॅसिओचा पीएक्स-एस३१०० साधारण निम्म्या वजनाचा, २०० रिदम आणि सहा पेन्सिल सेलवर पण चालतो, गावी भजनात लाइट गेली तर हा वाजत राहील.

तिसरा म्हणजे ६१ कीजचा अरेंजर कीबोर्ड, ज्याला आपल्याकडे सरसकट "कॅसिओ" म्हणतात, कंपनी कुठलीही असो. भारतासाठी मुद्दाम काढलेले यामाहा पीएसआर-आय५०० सारखे असले तर त्यात तबला-तानपुऱ्याची सोय आणि आपल्याकडच्या स्टाइल्स येतात. कीज हलक्या, पेटीच्या बोटांना लगेच जमतात, पण उद्या खऱ्या पियानोवर बसलात तर बोटं दमतील. यातल्या बऱ्याच मॉडेलना पॉलिफोनी (एका वेळी वाजू शकणारे सूर) ४८ असते, स्टाइल चालू असताना पेडल दाबून ठेवला की आधीचे सूर मधेच कापले जातात, ते ऐकू येतं (डीजीएक्सला २५६ आहे, तिथे हा त्रास नाही).

भाऊ म्हणाला, पण ६१ मध्ये डावीकडची जागा कॉर्डला गेली तर मला वाजवायला उरलं काय? हिशोब करून बघितला. यामाहाचा स्प्लिट (कॉर्डची डावी बाजू जिथे संपते ती की) कंपनीकडून येतो तेव्हा डावीकडून दुसऱ्या सप्तकातल्या तीव्र मध्यमावर असतो, म्हणजे १९ कीज कॉर्डसाठी गेल्या आणि उरल्या ४२, बरोब्बर साडेतीन सप्तकाची पेटी! तेव्हा निव्वळ जागेसाठी ८८ घ्यायची गरज नाही.

आता खरा प्रश्न कॉर्डच्या मोडचा, आणि दुकानात हे कुणी धड सांगत नाही. एका बोटाची कॉर्ड सगळ्या कंपन्यांची सारखी नसते (मेजर, मायनर, सेव्हन्थ हे कॉर्डचे प्रकार). कॅसिओवर मूळ सूर एकटा दाबला की मेजर, त्याच्या उजवीकडची अजून कुठलीही एक की दाबली की मायनर, दोन दाबल्या की सेव्हन्थ, तीन दाबल्या की मायनर सेव्हन्थ. यामाहावर उलटं, डावीकडे जायचं, सोबत जवळची काळी दाबली की मायनर, पांढरी दाबली की सेव्हन्थ, दोन्ही दाबल्या की मायनर सेव्हन्थ. एकावर सवय लावून दुसऱ्यावर बसलात तर सगळी गाणी चुकणार, आणि पियानोवर तर या सवयीचा काडीचा उपयोग नाही.

फिंगर्ड मोडमध्ये खरी कॉर्ड धरायची. सा-ग-प म्हणजे मेजर, ग कोमल केला की मायनर, वर कोमल नि घातला की सेव्हन्थ. पेटीवाल्याला खरं तर हे सोपं जातं कारण तो सुरांच्या भाषेतच विचार करतो, पण तीन बोटं एकदम पडायला महिना-दोन महिने जातात आणि लोक तिथेच कंटाळून एका बोटावर परत येतात. यामाहावर मल्टी फिंगर नावाचा मोड आहे, त्यात एक बोटही चालतं आणि पूर्ण कॉर्डही, सेटिंग न बदलता. मी भावाला हाच सांगितला. आरतीला एक बोट ठेव, घरी रियाजाला तीन ठेव.

मग स्मार्ट कॉर्ड. हा ऐकायला सगळ्यात भारी वाटतो, स्केल सांगून ठेवायचं आणि एकेक बोट ठेवत जायचं, मेजर-मायनर मशीन ठरवतं. हिंदी-मराठी सिनेमाची साधी गाणी मस्त वाजतात. पण पांढरी एकचा सा धरून त्यावर मेजर स्केल लावून यमन वाजवून बघा, डाव्या हाताने रे दाबला की मशीन रे मायनर देतं, त्यात शुद्ध मध्यम, आणि यमनाचा जीवच तीव्र मध्यमात, झालं वाटोळं. याला एक युक्ती आहे, स्केलच्या सेटिंगमध्ये एक शार्प निवडायचा, मग सूर यमनाचे होतात आणि रे वर मेजर येते. भैरवीला चार फ्लॅट. पण भैरवला कुठलंच सेटिंग जुळत नाही, शुद्ध गंधारासोबत कोमल रे-ध कुठल्याच मेजर स्केलमध्ये सापडत नाही, तिथे फिंगर्डला पर्याय नाही. आणि जिथे कॉर्ड लावणंच खटकतं तिथे यामाहावर फिंगर्डमध्ये नुसता सा-प धरा, गंधार गायब होतो, साधारण तानपुऱ्यासारखा आधार राहतो. हेच दोन सूर कॅसिओच्या एका बोटाच्या मोडमध्ये धरले तर मायनर वाजेल, तेवढं लक्षात ठेवा.

फुल कीबोर्ड किंवा फुल रेंज मोडमध्ये स्प्लिटच नसतो, दोन्ही हातांनी पियानोसारखं वाजवायचं आणि मशीन कॉर्ड ओळखतं. पियानो येणाऱ्याला वरदान आहे पण पेटीवाल्याने लांबच राहावं, आपण हरकती घेतो, कणसूर लावतो, मशीन त्यातसुद्धा कॉर्ड शोधत बसतं आणि बेस भरकटत जातो.

तालाचं थोडक्यात. केरवा चारच्या कुठल्याही स्टाइलवर बसतो, दादऱ्याला सहा-आठ किंवा वॉल्ट्झ शोधा, रूपक आणि झपतालाची आशा विदेशी मॉडेलमध्ये फारशी धरू नका. आलापासाठी सिंक स्टॉप बघून ठेवा, डावा हात उचलला की ठेका थांबतो, ठेवला की चालू. हे नसेल तर गायक बिचारा ठेक्याच्या मागे धावतो. आणि गायकाची पट्टी काळी एक असली की ट्रान्सपोज एकने वर करा, कॉर्डसकट सगळं सरकतं, तुम्ही आपले पांढरी एकचेच वाजवत राहा.

भावाला शेवटी ६१ कीजचा भारतीय स्टाइल्सवालाच सांगितला, कारण त्याला मंडळात न्यायचाय आणि पियानोच्या परीक्षा द्यायच्या नाहीत. त्याची मुलगी आठ वर्षांची आहे, तिला शिकवायचं असतं तर उत्तर वेगळं असतं, सरळ वेटेड ८८, आणि अकंपनीमेंटवाला घेतलाच तर पहिली दोन वर्षं ते बटण बंद. हे ऐकून तो म्हणाला "मग दोघांना मिळून एकच घेतो, डीजीएक्स", तर म्हटलं घे, पण मंडळात न्यायला दोन माणसं आणि रिक्षा तू बघ. दुकानात जाताना आपल्याच मंडळातली तीन गाणी ठरवून जा, एक केरव्यातलं, एक दादऱ्यातलं, एक भैरवीतलं, आणि विकणाऱ्याचा डेमो न ऐकता स्वतः बसून वाजव.