जुन्या गाडीचा रंग मोजणारं मीटर: बरेच महिने वापरल्यानंतर

रिस्टोअर न केलेली जुनी गाडी बघायला गेलं की बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. मी हल्ली बॉनेटकडे सर्वांत शेवटी वळतो. इंजिन उतरवून बांधता येतं, ब्रेक नवे बसवता येतात, वायरिंग नव्याने ओढता येतं. कारखान्यात मारलेला रंग, त्या काळचं सीटचं कापड, मूळ काचा आणि क्रोमच्या पट्ट्या मात्र एकदा गेल्या की गेल्या. अशा गाडीत आपण जास्तीचे पैसे मोजतो ते याच गोष्टींसाठी. म्हणून मूळ रंग कुठे आहे आणि कुठे नाही, हे सौद्याआधी कळायलाच हवं. त्यासाठी मी रंगाची जाडी मोजणारं हातात मावेल एवढं मीटर घेतलं आणि तेव्हापासून बघितलेल्या प्रत्येक गाडीवर ते वापरलं आहे.

काम सोपं आहे. टोक पत्र्यावर टेकवायचं, आकडा येतो. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीने मोजतं, ॲल्युमिनियमवर एडी करंटने, म्हणजे धातूत उमटणाऱ्या विद्युतप्रवाहाने. खरं तर ते रंग मोजतच नाही. खालचा धातू टोकापासून किती लांब आहे एवढंच सांगतं. हे डोक्यात पक्कं ठेवलं तर पुढचे बरेच घोळ टळतात. ढोबळ हिशेब असा: कारखान्याचा रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, त्यावर पुन्हा रंग मारला असेल तर दोनशेच्या वर, आणि आकडा पाचशे-हजाराकडे गेला की खाली पुट्टी असण्याची दाट शक्यता. जुन्या गाड्या हाताने रंगवलेल्या असत, त्यामुळे एकाच दरवाज्यावर तीस-चाळीस मायक्रॉनचा फरक सहज निघतो. एकट्या आकड्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. डाव्या दरवाज्याचे आकडे उजव्याशी ताडून बघा, टपाचे बॉनेटशी. टपाला सहसा कोणी धडकत नाही, म्हणून मी सुरुवात तिथून करतो आणि तोच आकडा त्या गाडीचं माप धरतो.

साठच्या दशकातल्या एका फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण देतो. टप 110 ते 130, दोन्ही दरवाजे त्याच आसपास, पुढचं झाकणही तसंच. डाव्या मागच्या मडगार्डवर आकडा एकदम 260. विकणाऱ्याचा चेहरा पडला, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. बीटलचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात. खराब झाला तर काढून दुसरा लावायचा. किमतीत त्याची वजावट अगदी थोडी. मग खाली बसून दरवाज्याखालच्या पट्टीवर टोक टेकवलं. पुढे 140, मध्यभागी 150, आणि मागच्या चाकाजवळ, जॅक लावायच्या जागेच्या आसपास, 900 पासून थेट मोजमापाच्या पलीकडे. ही पट्टी म्हणजे हीटर चॅनल. इंजिनाकडची गरम हवा तिच्यातून पुढे येते, आणि बॉडीची ताकदही तिच्यावरच असते. ती आतून सडते. बाहेरून पुट्टी भरून रंग मारला की डोळ्यांना काही दिसत नाही. मागची सीट उचलून उजव्या बाजूला बॅटरीखालचा पत्रा बघितला, तोही चाळणी झालेला. सीट उचललीच होती, तर मधल्या बोगद्यावर ठोकलेला चासी नंबर कागदाशी ताडून घेतला. चकचकीत मडगार्डवर अर्धा तास वाद घालण्यापेक्षा त्या हातभर पट्टीनेच गाडीची किंमत ठरवली. चॅनल बदलायचं म्हणजे बॉडी चासीवरून सैल करायची, कापाकापी, वेल्डिंग, आणि त्या भागातला मूळ रंग कायमचा गमवायचा.

आता मीटर कुठे चकवतं ते सांगतो, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या काळी कारखान्यातच बॉडीचे सांधे शिशाने भरून घासून सपाट करत. शिसं चुंबकीय नसल्यामुळे अशा सांध्यावर मीटर पुट्टीसारखाच मोठा आकडा दाखवतं. टप आणि मागचा पत्रा जुळतो तिथे दोन्ही बाजूंना सारखाच मोठा आकडा आला, तर घाबरायचं कारण नाही. उलट तो कारखान्याच्या कामाचा पुरावा असू शकतो. एकाच बाजूला आला तर चौकशी करा. रंगाखाली गंज फुगला असेल तरी आकडा वाढतो, तेव्हा शंका आली की बोटाच्या टोकाने ठोकून आवाजही ऐकावा. शेवरले कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लासच्या बॉडीवर हे मीटर बिनकामाचं. जुन्या लँड रोव्हरच्या ॲल्युमिनियम बॉडीवर फक्त लोखंड ओळखणारं मीटर गप्प बसतं.

कमी आकडाही तितकाच बोलका असतो, आणि मला तर तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बॉनेटच्या कडेला आणि मडगार्डच्या उंचवट्यावर पन्नास-साठ मायक्रॉन आले, तर रंग मूळ असेल, पण वर्षानुवर्षं पॉलिश करून झिजलेला आहे. जुन्या रंगांवर बहुधा पारदर्शक लॅकरचा वेगळा थर नसायचा. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसला की फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. हा रंग पुन्हा उजळू शकतो, पण जिथे थरच उरला नाही तिथे अजून एक पॉलिश म्हणजे खालचा प्रायमर उघडा. "जरा घासलं की नव्यासारखी होईल" असं विकणारा सांगतो, तेव्हा माझं बोट त्या आकड्यावर असतं.

किमतीचा हिशेब मी असा करतो. त्याच मॉडेलची, त्याच सालाची, रोज चालवता येईल अशी गाडी खरोखर किती रुपयांना विकली गेली ते आधी शोधतो. मागितलेली किंमत धरत नाही, झालेला सौदा धरतो. त्यातून चालू करायचा खर्च वजा: टायर, ब्रेकचे सिलिंडर आणि होज, टाकी साफ करणं, कार्ब्युरेटर. बंद उभी राहिलेली गाडी असेल तर हे सगळं करावंच लागतं, टायरची नक्षी कितीही छान दिसो. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 च्या आधीचा. मग पत्र्याचं काम वजा, आणि हे अंदाजाच्या दीडपट धरतो, कारण पुट्टी खरवडल्यावर सडका पत्रा नेहमी जास्तच निघतो. नसलेल्या भागांची यादी सर्वांत काळजीने करतो. बीटल दोन कोटींहून जास्त बनल्या, तिचं जवळपास सगळं आजही नवं मिळतं. कमी बनलेल्या गाडीची एक क्रोम पट्टी किंवा मागच्या दिव्याची काच शोधण्यात मात्र इंजिन बांधण्यापेक्षा जास्त पैसा आणि वर्षं जाऊ शकतात. जाम झालेलं इंजिन मी सोसतो, अर्धवट गाडी नाही.

एवढं सगळं वजा केल्यावर मूळपणाची रक्कम मिळवतो, तीही रंग, आतलं कापड आणि नंबर तिन्ही एकमेकांशी जुळत असतील तरच. 2015 मध्ये पॅरिसच्या लिलावात धुळीने माखलेली एक फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर 1 कोटी 60 लाख युरोंच्या वर गेली, तेव्हापासून धूळ बसलेल्या प्रत्येक गाडीला लोक तोच न्याय लावू पाहतात. ती गाडी मुळातच दुर्मिळ होती. सर्वसाधारण गाडीवरची धूळ म्हणजे फक्त दुर्लक्ष, आणि त्याचे पैसे मी देत नाही.

मीटरबद्दलच्या तक्रारी थोड्याच आहेत. भर उन्हात पडदा दिसत नाही. अगदी गोलाईच्या पत्र्यावर आकडा हलतो, तिथे तीन-चार वेळा टेकवून मधला धरावा लागतो. दर वेळी सोबतच्या लोखंडी तुकड्यावर शून्य करून घ्यावं. गार आणि तापलेल्या जागी आकडे थोडे बदलतात. टोक टेकवण्याआधी धूळ पुसा, नाहीतर जुन्या मऊ रंगावर ओरखडा उमटतो, आणि मालकाची परवानगी न विचारता तर मुळीच टेकवू नका. घेणार असाल तर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारं, निदान दोन हजार मायक्रॉनपर्यंत मोजणारं घ्या. त्यापेक्षा कमी मर्यादेच्या मीटरला जाड पुट्टी आणि त्याहून जाड पुट्टी यातला फरक सांगता येत नाही, आणि वजावट ठरवताना नेमका तोच फरक लागतो.