फुकटच्या कॉर्स प्रॉक्सी सर्व्हिस: डेमोपुरत्या ठीक, लाइव्ह साइटवर अजिबात नको

कॉर्स म्हणजे एका साइटवरच्या पेजने दुसऱ्या साइटचा डेटा वाचावा की नाही हे ठरवणारे ब्राउझरचे नियम, आणि कॉर्स प्रॉक्सी म्हणजे ती अडचण टाळायला मध्ये उभा राहणारा दुसऱ्या कोणाचा सर्व्हर. अशा फुकटच्या सर्व्हिसना, आधीच सांगून टाकतो, पाचपैकी दोन स्टार. एक स्टार सोयीचा, कारण खरंच काही करावं लागत नाही, आपल्या यूआरएलच्या आधी त्यांचा पत्ता चिकटवला की काम चालू. दुसरा शिकणाऱ्यांसाठी, कारण बॅकएंडला (सर्व्हरच्या बाजूच्या कोडला) हात न लावता स्क्रीनवर खरा डेटा दिसला की नवीन माणसाला हुरूप येतो. बाकीचे तीन का कापले ते नीट सांगतो, कारण कोणी ‘कॉर्सचा एरर येतोय, काय करू’ विचारलं की उत्तरात लगेच अशा एखाद्या सर्व्हिसची लिंक येते आणि पुढचं कोणी काही बोलतच नाही.

मामला असा असतो की आपलं पेज एका डोमेनवर आणि डेटा दुसऱ्याच डोमेनच्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रामला डेटा देणाऱ्या पत्त्यावर. जावास्क्रिप्टच्या फेचने तो मागवला की कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये) लाल ओळ येते, ‘ब्लॉक्ड बाय कॉर्स पॉलिसी’. तोच यूआरएल पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायच्या ॲपमध्ये) टाकला की डेटा छान येतो, म्हणून सगळ्यांना वाटतं ब्राउझरच बिघडलाय. बिघडलेला नाहीये. सेम ओरिजिन पॉलिसी, म्हणजे एका ओरिजिनच्या स्क्रिप्टला दुसऱ्याचा डेटा वाचू न देण्याचा नियम, १९९५ सालच्या नेटस्केप २ पासून आहे आणि ती आहे म्हणूनच तुम्ही एका टॅबमध्ये मेलला लॉगिन असताना दुसऱ्या टॅबमधल्या भलत्याच साइटची स्क्रिप्ट तुमच्या कुकीज (ब्राउझरने जपलेली लॉगिनची ओळख) वापरून ती मेल वाचू शकत नाही. पोस्टमनमध्ये असं दुसऱ्या कोणाचं पेज नसतंच, तर अडवणार कोणाला? ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट तिन्ही मिळून, त्यामुळे लोकलहोस्ट ३००० आणि लोकलहोस्ट ८००० हेसुद्धा ब्राउझरच्या लेखी वेगळे. आणि बऱ्याचदा रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, उत्तरही आलेलं असतं, फक्त समोरच्या सर्व्हरने ‘या ओरिजिनला वाचू द्या’ असं हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींत) सांगितलेलं नसतं म्हणून ब्राउझर ते उत्तर तुमच्या स्क्रिप्टच्या हातात देत नाही.

प्रॉक्सी काय करते, तर तुमच्या वतीने ती तो यूआरएल मागवते आणि आलेल्या उत्तराला ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन हे हेडर स्टार (म्हणजे कुठलंही ओरिजिन चालेल) लावून परत देते. झालं, ब्राउझर खूश. एवढंच काम आहे आणि ते ती चोख करते, याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. मी वापरलेल्या एका सर्व्हिसचं नाव घेत नाही, पण तिची लिमिट संपली की ती ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) देत नव्हती, स्टेटस २०० (सगळं ठीक) ठेवून एचटीएमएलचं पेज पाठवत होती. म्हणजे कोडमधला ओके चेक आरामात पास व्हायचा आणि पुढच्याच ओळीत जेसन (डेटा पाठवायचा फॉरमॅट) पार्स करताना ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणून सगळं आडवं, आणि तो टोकन कुठला तर एचटीएमएलच्या पहिल्या टॅगचा कंस. वापरणाऱ्याला काय दिसायचं, तर रिकामं टेबल. नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स उघडून बघेपर्यंत कळायचं कारणच नाही, कारण स्टेटस हिरवंगार. वर ती उत्तरं कॅश करायची, म्हणजे साठवून तीच परत द्यायची, त्यामुळे मूळ एपीआयवर आकडा बदललेला आणि आमच्या पेजवर जुनाच. हे डॉक्युमेंटेशनमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

यापेक्षा मोठी गोष्ट लॉगिनच्या टोकनची, म्हणजे तुमची ओळख पटवणाऱ्या गुप्त कोडची. ऑथरायझेशन हेडर टाकून अशा प्रॉक्सीमधून रिक्वेस्ट पाठवली की तुमचा टोकन त्या सर्व्हरला उघडा दिसतो, एचटीटीपीएस असलं तरी, कारण एन्क्रिप्शन तुमच्यापासून प्रॉक्सीपर्यंत एक आणि प्रॉक्सीपासून एपीआयपर्यंत दुसरं, मध्ये सगळं मोकळं. अनोळखी माणसाच्या हातात उघडी चिठ्ठी देऊन ‘तेवढी पोचती करा’ म्हणण्यासारखंच आहे हे. चालवणारा सज्जन असेलही, पण उद्या तो डोमेन रिन्यू करायला विसरला आणि दुसऱ्याने घेतला तर तुमच्या पेजमध्ये काय येईल ते तुमच्या हातात राहत नाही. आणि हा धोका तुम्ही स्वतःसाठी नाही, तुमच्या पेजवर येणाऱ्या प्रत्येकासाठी घेताय, त्यांना न विचारता.

भरवशाचं म्हणाल तर कॉर्स एनीव्हेअर या प्रॉक्सीचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. प्रोजेक्ट उत्तम, ओपन सोर्स, नोडवर (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर) चालतो, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतो, कुकीज काढून टाकतो. त्याचा पब्लिक डेमो सर्व्हर मात्र लोकांनी डेमो न समजता फुकटचा प्रॉडक्शन सर्व्हर समजून एवढा वापरला की ३१ जानेवारी २०२१ पासून त्यावर कडक मर्यादा आल्या, आधी डेमोच्या पेजवर जाऊन बटन दाबून तात्पुरती परवानगी घ्यायची असं झालं. माझ्या मते चालवणाऱ्याने अगदी बरोबर केलं. पण त्याच पत्त्यावर उभी असलेली किती पेजेस बंद पडली असतील विचार करा, आणि जुन्या ट्युटोरियलमधून तो पत्ता नवीन लोक अजूनही कॉपी करतातच.

मग करायचं काय? एपीआय तुमचाच असेल तर प्रॉक्सीचा विचारसुद्धा करू नका. बॅकएंडला एक्सप्रेस (नोडचं फ्रेमवर्क) असेल तर कॉर्स नावाचं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टवर मध्ये चालणारा कोड) आहे, दोन ओळींत बसतं, आणि त्याला मी पाचपैकी पाच देईन. फक्त ते डिफॉल्टला सगळ्या ओरिजिनना परवानगी देतं, तेव्हा तुमच्या फ्रंटएंडचं ओरिजिन स्वतः लिहा.

इथे लोक अडकतात ते प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझर करतो त्या विचारणीत, तर ते जरा जवळून बघू. साधा गेट (फक्त डेटा मागणारी रिक्वेस्ट) असेल तर ब्राउझर सरळ रिक्वेस्ट पाठवतो. पण तुम्ही कंटेंट टाइप ॲप्लिकेशन/जेसन ठेवून पोस्ट केलं किंवा ऑथरायझेशन हेडर लावलं की तो आधी ऑप्शन्स मेथडची एक रिक्वेस्ट पाठवून सर्व्हरला विचारतो, ही मेथड आणि हे हेडर चालतील का? या विचारणीत ना कुकी असते ना टोकन. आता तुमचं लॉगिन तपासणारं मिडलवेअर कॉर्सच्या आधी लावलेलं असेल तर ते बघतं, टोकन नाही, देतं ४०१ (लॉगिन नाही), आणि ब्राउझर म्हणतो प्रीफ्लाइट फेल. खरी रिक्वेस्ट निघतच नाही. लोक मग टोकन तपासत बसतात, टोकन बरोबरच असतो! कॉर्स आधी, लॉगिनची तपासणी नंतर, एवढा क्रम बदलला की सुटतं.

एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी अजून एक, ॲड-हेडरच्या ओळीच्या शेवटी ऑलवेज लिहा. नाहीतर ४०० आणि ५०० च्या घरातल्या उत्तरांना ते हेडर लागत नाही, म्हणजे सर्व्हरवर एरर ५०० असतो आणि कन्सोल तुम्हाला कॉर्सच्या नावाने ओरडून दाखवतो, आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसता. आणि हेडर एन्जिनएक्स आणि ॲप दोघांनी लावू नका, दोनदा आलं की ब्राउझर तेही नाकारतो. कुकीज पाठवायच्या असतील तर स्टार चालत नाही, नेमकं ओरिजिन लिहावंच लागतं, सोबत अलाऊ-क्रेडेन्शियल्स ट्रू.

एपीआय दुसऱ्याचा असेल आणि तो हेडर देतच नसेल तर स्वतःची छोटी प्रॉक्सी टाका. क्लाउडफ्लेअर वर्कर्सच्या (तुमचा छोटा कोड त्यांच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या सर्व्हिसच्या) फुकट प्लॅनमध्ये दिवसाला १ लाख रिक्वेस्ट मिळतात, छोट्या साइटला भरपूर झाल्या. मोठा फायदा म्हणजे एपीआय की (एपीआय वापरायचा गुप्त कोड) तिथेच लपते, पेजच्या सोर्समध्ये येत नाही. पण एक पथ्य पाळायचंच, कुठलाही यूआरएल पॅरामीटरमधून घेऊन उघडणारी प्रॉक्सी लिहायची नाही. ठरलेले दोनचार एंडपॉइंट (एपीआयचे पत्ते) कोडमध्ये लिहा आणि बाकी सगळं नाकारा, नाहीतर तुमचा सर्व्हर वापरून दुसरेच लोक भलतीकडे रिक्वेस्ट मारतील, आणि प्रॉक्सी तुमच्याच नेटवर्कमधल्या मशीनवर असेल तर आतल्या पत्त्यांपर्यंतसुद्धा पोचतील.

जेएसओएनपी आता नकोच. २००५ च्या सुमाराचा जुगाड आहे, स्क्रिप्ट टॅगमधून डेटा आणायचा, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता म्हणून चाललं. त्यात फक्त गेट चालतं आणि समोरच्याचा कोड तुमच्या पेजमध्ये पूर्ण अधिकाराने चालतो. फेचचा नो-कॉर्स मोडही सुचवतात बरेच जण, त्याने कन्सोलमधली लाल ओळ जाते पण उत्तर वाचताच येत नाही, स्टेटस शून्य आणि बॉडी रिकामी.

तर फुकटची प्रॉक्सी कधी वापरावी? डेटा पब्लिक आहे, लॉगिन नाही, टोकन नाही आणि डेमो दाखवून झाल्यावर कोड फेकूनच द्यायचाय, तेव्हा बिनधास्त वापरा. पण त्याआधीही नेटवर्क टॅबमध्ये एपीआयचे हेडर उघडून बघा, कारण बऱ्याच पब्लिक एपीआयना प्रॉक्सी लागतच नाही. गिटहबचा रेस्ट एपीआय कुठल्याही ओरिजिनला उत्तर वाचू देतो, आणि विकिपीडियाच्या एपीआयला यूआरएलमध्ये ओरिजिन हा पॅरामीटर जोडून त्याची व्हॅल्यू स्टार दिली की तोही सरळ ब्राउझरमधून डेटा देतो.