नाल्याकाठचं शेत: बांध घालावा, नाला खोदावा की चर काढावा?

नाल्याचं पाणी शेतात शिरलं की दुसऱ्या दिवशी बांधावर चार जण जमतात आणि चार उपाय सांगतात. एक म्हणतो पोकलेन लाव, दुसरा म्हणतो बांध उंच कर, तिसऱ्याने कुठेतरी गॅबियनची भिंत पाहिलेली असते. आमचे काका मात्र आधी विचारायचे, "पानी कथाइन उनं?" पाणी आलं कुठून? याचं उत्तर न शोधता मशीन लावणारे मी बरेच पाहिले. त्यांत एकदा मीही होतो.

आमची चार एकर काळी जमीन चाळीसगाव तालुक्यात, तितूर नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांना पूर आला, तेव्हा आमचा नालाही काठ सोडून वाहिला. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर काठालगतच्या सात-आठ ओळी एका दिशेने झोपलेल्या, तारेला काडीकचरा लटकलेला, सऱ्यांत गाळ. हे नाल्याचं काम. पण शेताच्या मधल्या लवणात, म्हणजे सखल भागात, कपाशी उभीच होती, नुसत्या माना टाकलेल्या. तिथे गाळाचा कणही नव्हता. ते पाणी नाल्याचं नव्हतंच, आमच्याच रानात पडून तुंबलेलं होतं. कपाशीची अशी आकस्मिक मर झाली की शेतकरी नाल्याला शिव्या देतो, आणि दोष असतो निचऱ्याचा.

काठावर बांध घालणं सगळ्यात पटकन सुचतं आणि स्वस्तही पडतं. पण आधी हिशेब करा. १०० मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर ते पाणी ४ लाख लिटर होतं; आमच्या चार एकरांत १६ लाख. बांध नाल्याला बाहेर ठेवतो, तसाच या पाण्याला आत कोंडतो. म्हणून बांधाच्या खालच्या टोकाला पाईप हवाच, आणि पाईपाच्या नाल्याकडच्या तोंडाला झडप. नाहीतर पूर त्याच पाईपातून उलटा आत येतो. दुसरं म्हणजे नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात फाटतो. मृगाचं पाणी त्या भेगांत शिरतं, आणि जिथे भेग तिथे खांड पडून बांध फुटतो. थराथराने दाबलेला, वरून मुरूम चढवलेला, दोन्ही बाजूंनी निमुळता उतार दिलेला बांधच टिकतो. तोही काठाला चिकटून घालू नये, चार-सहा हात मागे घ्यावा. तेवढी जमीन नाल्याला दिली तर पाण्याला पसरायला जागा मिळते.

समोरच्या शेतकऱ्याचाही विचार करावा लागतो. तुमचा बांध उंच झाला की पाणी त्याच्याकडे ढकललं जातं. शेतातून शेतात नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला कुणी बेकायदा अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वरच्या शेतकऱ्याने खालच्यावर लावलेले असे दावे तहसीलला काही नवे नाहीत.

खोलीकरणाचं आकर्षण खानदेशात जास्त आहे, कारण शिरपूर पॅटर्न आपल्या घरचा. पण तिथे नाले खोल-रुंद केले ते पाणी अडवून जिरवण्यासाठी, आणि सोबत सिमेंटचे बंधारे बांधले. आपण करतो काय, तर आपल्या बांधापुरता नाला खोदतो. खालच्या शेतकऱ्याने खोदलेलं नसतं, त्यामुळे आपला तुकडा म्हणजे नुसता खड्डा होतो आणि दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. वरच्या अंगाला नाल्याचा तळ कापत जातो, काठ ढासळतात. काळ्या मातीचे उभे काठ तर ढेपाळतातच. माझं मत विचाराल तर पुरासाठी खोलीपेक्षा रुंदी कामाची, आणि काठ उतरते हवेत. नदी-नाले बहुतांशी सरकारी मालकीचे असतात, तेव्हा मशीन लावण्याआधी तलाठ्याकडे नकाशा बघून घ्या.

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीतली दगडांची पेटी. ती पूर थांबवत नाही, काठ वाचवते. नाला जिथे वळतो त्या वळणाची बाहेरची बाजू दरवर्षी हात-दोन हात जात असेल, तर तिथेच ती लावावी. पाया तळाच्या खाली गेला पाहिजे, दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे हवेत आणि मागे गाळणीचं कापड हवं. कापड वाचवलं की मागची काळी माती दगडांतून निसटते आणि भिंत पोकळीवर उभी राहते. सरळ काठाला हा खर्च नको. तिथे निरगुडी, वाळा, बांबू पुरतात, फक्त मुळं धरायला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात.

यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्यांचा पट्टा आहे. तिथे पाणी तुंबत नाही, झिरपतं. तिथली काळजी काठ कापण्याची. तिथे गॅबियनला अर्थ आहे, चरांना फारसा नाही.

आमच्यासारख्या भारी काळ्या रानात मात्र पहिला रुपया चरावर टाकावा. लवणाच्या तळातून नाल्यापर्यंत उघडा चर: जागा जाते, ट्रॅक्टर ओलांडत नाही, दर मे महिन्यात गाळ काढावा लागतो, पण पैसे कमी लागतात आणि पाणी निघताना डोळ्यांनी दिसतं. जमिनीखालच्या सच्छिद्र पाईपांचा निचरा जागा खात नाही. केळी किंवा ऊस असेल, जमीन चोपण (क्षारांनी बिघडून पाणी न जिरणारी) झाली असेल, तर तो विचार करण्याजोगा आहे. कोरडवाहू कपाशीला एवढा खर्च कशाला, रुंद वरंबा-सरीवर लावली तरी मुळं वाफशात राहतात. आणि पाईपांचं तोंड नाल्यातल्या नेहमीच्या पावसाळी पाण्यापेक्षा उंच निघत नसेल तर पाईप घालूच नका. भर पावसात ते तोंड पाण्याखाली जातं आणि निचरा बंद पडतो.

लवणातलं पाणी का तुंबतं, हे आमचं कोडं शेवटी शेतरस्त्याच्या मोरीत सुटलं. तिथे एक फुटाचे दोन पाईप होते, दोन्ही अर्ध्यावर गाळाने बुजलेले. दोन फुटांच्या एका पाईपाचं तोंड एक फुटाच्या चार पाईपांएवढं भरतं, हे गवंड्याला जमिनीवर खडूने काढून दाखवावं लागलं. खालच्या शेतकऱ्याने निम्मा खर्च उचलला, कारण मोरीवरून उसळणारं पाणी त्याचाच रस्ता खात होतं. बांधासाठी आणून टाकलेला मुरूम अजून विहिरीजवळ पडून आहे, त्यावर आता तरोटा उगवतो.