एटॅनरसेप्ट की अडॅलिम्युमॅब? संधिवात असलेल्या मुलाच्या बाबतीत टीबीचा धोका तोलताना

मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या नेहमीच्या औषधाला सांधे पुरेशी दाद देत नाहीत असं दिसलं की बायोलॉजिक (जिवंत पेशींत बनवलेल्या) इंजेक्शनचा विषय निघतो, आणि बहुधा हीच दोन नावं पुढे येतात. दोन्ही औषधं टीएनएफला, म्हणजे शरीरातल्या सूज वाढवणाऱ्या एका प्रथिनाला, आवर घालतात. सांधे सुजतात ते टीएनएफमुळे, पण शरीरात दबून असलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं कडं टिकून राहतं तेही त्याच्याच जिवावर. ते कडं सैल पडलं की जुना संसर्ग उसळतो.

निव्वळ टीबीचा विचार केला तर एटॅनरसेप्ट उजवं. ते रक्तातला मोकळा टीएनएफ पकडतं, पण पुन्हा सोडतंही. अडॅलिम्युमॅब पेशींवरच्या टीएनएफलाही घट्ट चिकटतं. ब्रिटनमधल्या प्रौढ रुग्णांच्या नोंदींत अडॅलिम्युमॅब आणि याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबवर टीबीचं प्रमाण एटॅनरसेप्टच्या तीन ते चार पट निघालं. मुलांसाठीचा अंदाजही बराचसा मोठ्यांच्या अशा आकड्यांवरूनच बांधला जातो. दुसरा फरक औषध शरीरातून जाण्याचा. एटॅनरसेप्टची मात्रा ३ ते ५ दिवसांत निम्मी होते, अडॅलिम्युमॅबला साधारण २ आठवडे लागतात. म्हणजे टीबी निघालाच आणि औषध थांबवलं, तर एकाचा अंमल दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, दुसऱ्याचा दोन महिन्यांहून जास्त रेंगाळतो.

मात्र डोळ्यांत युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) असेल तर हा हिशोब बाजूला ठेवावा लागतो. तिथे एटॅनरसेप्टचा भरवसा नाही, अडॅलिम्युमॅबच लागतं. टीबीची काळजी मग तपासणीतून घ्यायची. (युव्हायटिस टीबीमुळेही होतो, तेव्हा ती शंका आधी फेडून घ्या.) सुया मोजायच्या तर एटॅनरसेप्ट सहसा आठवड्याला, किलोमागे ०.८ मिग्रॅ, कमाल ५० मिग्रॅ. अडॅलिम्युमॅब दोन आठवड्यांनी, ३० किलोच्या आत २० आणि त्यापुढे ४० मिग्रॅ. १५ किलोखालच्यांना १०.

औषध कुठलंही ठरो, आपल्याकडे तपासणीला फाटा नाही. मॉन्टू, म्हणजे हाताच्या त्वचेत टोचून करायची टीबीची टेस्ट, स्वस्त, पण वाचणाऱ्यावर अवलंबून. ४८ ते ७२ तासांत हाताला लागणारा कडकपणा आडवा मोजायचा, लाली नव्हे. फोनवर पाठवलेल्या फोटोत कडकपणा कळतच नाही. शुक्रवारी टोचून घेतली आणि रविवारी लॅब बंद, असं होऊ देऊ नका. या मुलांत ५ मिमीलाच पॉझिटिव्ह धरतात. गोवराची लस नुकतीच दिली असेल तर ४ आठवडे थांबा, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. इग्रा ही रक्ताची तपासणी. तिला बीसीजी लसीचा अडथळा नाही आणि दुसरी फेरीही नाही; पण पाच वर्षांखाली किंवा स्टिरॉइड चालू असताना निकाल अनिश्चित येण्याची शक्यता वाढते. अनिश्चित म्हणजे निगेटिव्ह नव्हे. आमचं मत: परवडत असेल तर दोन्ही करा, स्टिरॉइड सुरू होण्याआधी करा, आणि एक जरी पॉझिटिव्ह आली तरी ती खरी धरा. छातीचा एक्स-रे आणि घरात, शाळेच्या व्हॅनमध्ये, शिकवणीत कुणाला टीबी झाला होता का ही चौकशी वेगळी.

पॉझिटिव्ह आलं तर आधी चालू टीबी नाही ना हे पक्कं करायचं, कारण चालू टीबीवर आयसोनियाझिड हे टीबीचं औषध एकटं दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग प्रतिबंधक औषध: आयसोनियाझिड रोज ६ महिने (दहा वर्षांखाली किलोमागे १० मिग्रॅ, कमाल ३००), किंवा त्याच्याबरोबर रिफापेंटिन हे टीबीचं दुसरं औषध, दोन्ही आठवड्यातून एकदा, असे १२ डोस, वय २ वर्षांपुढे. दुसरा कोर्स पुरा होण्याची शक्यता जास्त, पण रिफापेंटिन प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा जोर कमी करतं. स्टिरॉइडवर असलेल्या मुलाचे सांधे मध्येच उसळू शकतात. मेथोट्रेक्सेट सोबत असल्यामुळे कुठल्याही कोर्समध्ये एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) दरमहा पाहावं. बायोलॉजिक साधारण एक महिन्यानंतर सुरू करतात.

टोफासिटिनिब हे संधिवाताचं औषध 'नुसती गोळी' म्हणून तपासणीविना सुरू करण्याचा मोह होतो. टीबीचा धोका तिच्यातही आहे.

निगेटिव्ह निकालावर वर्षभर निर्धास्त राहू नका. या औषधांवर होणारा टीबी पुष्कळदा फुप्फुसाबाहेर असतो, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ येऊनही मानेत गाठी, पोट फुगणं, वजन अडणं, दोन आठवडे ताप किंवा डोकेदुखीसह उलट्या दिसल्या, तर पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी डॉक्टरांना दाखवा.