कोकम आगळ: आंबटपणाला पैकीच्या पैकी, मिठाकडे मात्र बघा

तळकोकणातल्या एका गृहउद्योगाची ही अर्ध्या लिटरची बाटली. घटकांत दोनच नावं, कोकमाचा रस आणि मीठ. 'अमृत कोकम' म्हणून मिळतो तो साखरेतला अर्क. त्याची आणि आगळाची गल्लत नको.

रंग अस्सल निघाला. चमचाभर आगळ अर्धा पेला पाण्यात घालून चिमूटभर खायचा सोडा टाकला की फसफसतं आणि लाल रंग जांभळट-काळपट होतो. आम्ल मारलं गेलं की कोकमाचा रंग असाच पालटतो. सोडा टाकूनही लालभडकच राहिलं, तर वरून रंग घातल्याचा संशय घ्यावा.

हा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा. वजन उतरवायच्या गोळ्यांत हेच आम्ल असतं, म्हणून या लेबलवरही 'चरबी घटवते' छापलंय. त्याला पुरावा तोकडा आहे. उलट अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या आगळाची गोष्ट वेगळी, पण हा दावा नसता तर बरं.

खरी गोम मिठात. लेबलवर 100 मिलीला 4800 मिलिग्रॅम सोडियम आहे. त्याला अडीचने गुणा, म्हणजे 12 ग्रॅम मीठ. पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे (30 मिली) घातले की 3.6 ग्रॅम पोटात गेलं, आणि दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमची! रक्तदाब असेल तर एका चमच्यावर थांबा. सोलकढीत चव बघितल्याशिवाय वरून मीठ घालू नका, आणि ती गरम तर करूच नका, नारळाचं दूध फाटतं.

पित्तावर उतारा म्हणून अनेक जण घेतात. काहींना बरं वाटतंही, पण घशाशी आंबट येत असेल तर रिकाम्या पोटी टाळा. दातांचंही बघायला हवं: सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांवरचं कवच झिजू लागतं. तासभर घोट घोट घेत बसण्यापेक्षा एकदाच पिऊन साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश अर्ध्या तासाने.

बाटली काचेची आहे, ठीक. पण झाकण पत्र्याचं. आतला लेप जिथे सुटलाय तिथे गंजाचा ठिपका दिसतो. आम्ल आणि मीठ एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? आणल्या आणल्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या कोरड्या बरणीत ओता. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका.